सर्व्हरवरची जागा जाते कुठे?

'दोन टीबीची डिस्क घातली, सगळ्या व्हीएम मिळून सहाशे जीबीच्याही नाहीत, तरी सर्व्हर म्हणतो जागा संपली!' छोट्या कंपनीत, कॉलेजच्या संगणक विभागात, पतसंस्थेच्या मुख्य कचेरीत, जिथे एका सर्व्हरवर पाच-दहा व्हर्च्युअल मशीन चालतात तिथे ही तक्रार कधी ना कधी ऐकू येतेच. आणि ती नेमकी आडवेळी येते. रात्रीचा बॅकअप अर्धवट राहतो, सकाळी हिशेबाचे सॉफ्टवेअर उघडत नाही, मग कुणीतरी घाईघाईने जुन्या फायली पुसायला बसतो. पुसूनही आकडा जागचा हलत नाही, तेव्हा खरी धांदल उडते.

डिस्कवरची जागा हवेत विरत नाही. ती कशाने तरी अडवलेली असते, फक्त आपण जिथे पाहतो तिथे ते दिसत नाही. व्हीएमच्या सर्व्हरवर जागेचा हिशेब एका ठिकाणी होत नाही, चार-पाच थरांवर होतो, आणि प्रत्येक थर आपल्यापुरते खरेच सांगतो. म्हणून शोधाची सुरुवात 'काय पुसू?' या प्रश्नाने करू नये. 'हा आकडा कोणत्या थराचा?' हे आधी विचारावे. बाकीचा सगळा तपास या एका प्रश्नातून निघतो.

थर कोणते?

व्हर्च्युअल मशीन, रोजच्या बोलण्यात व्हीएम, म्हणजे खऱ्या संगणकावर सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक. कल्पना जुनी आहे. आयबीएमने 1972 साली व्हीएम/370 आणली तेव्हा ती मेनफ्रेमवर चालत होती. 1998 साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने ती साध्या इंटेल यंत्रांवर आणली. 2007 साली केव्हीएम ही व्हीएम चालवणारी यंत्रणा थेट लिनक्सच्या गाभ्यात आली आणि 2008 पासून व्हिएन्नातल्या प्रॉक्समॉक्सने केव्हीएम ब्राउझरमधून चालवण्याची सोय केली. 2023 च्या अखेरीस ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली आणि परवान्यांची रचना बदलली. त्यानंतर बऱ्याच छोट्या ठिकाणी प्रॉक्समॉक्सने जागा घेतली. या लेखातली बरीच उदाहरणे त्याचीच आहेत, पण दुखणे सगळीकडे सारखेच.

सर्वांत खाली खऱ्या डिस्क असतात. त्यांवर रेड किंवा झेडएफएस, म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधणारी व्यवस्था. तिच्यावर जागेचा सामाईक साठा: प्रॉक्समॉक्समध्ये बहुधा एलव्हीएम-थिन, व्हीएमवेअरमध्ये डेटास्टोअर. या साठ्यात प्रत्येक व्हीएमची आभासी डिस्क असते, कधी फाइलच्या रूपात, कधी व्हॉल्यूमच्या. आणि त्या आभासी डिस्कच्या आत व्हीएममधल्या विंडोजची किंवा लिनक्सची स्वतःची फाइल सिस्टिम. व्हीएमच्या आत बसलेल्याला फक्त शेवटचा थर दिसतो. सर्व्हरवर, म्हणजे होस्टवर, बसलेल्याला तोच सोडून बाकीचे दिसतात. दोघांचे आकडे जुळत नाहीत ते यामुळेच.

जी जागा कधी नव्हतीच

तपासाला लागण्यापूर्वी एक खात्री करून घ्यावी. हरवलेली जागा खरोखर आपल्याकडे होती का?

डिस्क बनवणारे 1 टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट धरतात. ऑपरेटिंग सिस्टिम बहुतेक ठिकाणी 1024 च्या पटीत मोजते. त्यामुळे 1 टीबीची डिस्क सर्व्हरवर 931 जीबीची दिसते. ही 1024 ची एकके वेगळी ओळखता यावीत म्हणून 1998 साली किबी, मेबी, गिबी अशी नावे ठरली. प्रॉक्समॉक्सच्या पडद्यावर अनेक ठिकाणी गिबी दिसते, पण विंडोज आजही 1024 ने मोजून पुढे जीबीच लिहिते. सुमारे सात टक्क्यांची ही तूट निव्वळ मोजपट्टीतली आहे.

दुसरी तूट इन्स्टॉलेशनच्या वेळीच ठरते. प्रॉक्समॉक्स मोठ्या डिस्कवर नेहमीच्या पद्धतीने बसवले की स्वतःसाठी 96 जीबीपर्यंतचे रूट विभाजन करते, काही जीबी स्वॅपला देते, 16 जीबी कुणालाच न देता मोकळे सोडते, आणि उरलेले व्हीएमच्या डिस्कसाठी थिन साठ्यात टाकते. पडद्यावर रूट विभाजन आणि थिन साठा यांची नावे 'लोकल' आणि 'लोकल-एलव्हीएम' अशी दिसतात. विंडोजची आयएसओ फाइल चढवताना 'जागा नाही' असा संदेश येतो आणि शेजारी आठशे जीबी रिकामे दिसतात, ते यामुळे. आयएसओ आणि बॅकअप 'लोकल'मध्ये जातात, व्हीएमच्या डिस्क 'लोकल-एलव्हीएम'मध्ये, आणि एकीकडची जागा दुसरीकडे आपोआप जात नाही. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय 7 नेही असाच धक्का दिला होता. बूट डिस्क मोठी असली तर ते सुमारे 138 जीबी स्वतःच्या कामासाठी राखून ठेवते. त्याच डिस्कवर डेटास्टोअर करणाऱ्यांना नव्या मांडणीत एकदम कमी जागा मिळाली.

तिसरी तूट लिनक्सच्या ईएक्सटी4 फाइल सिस्टिमची. ती पाच टक्के जागा रूट वापरकर्त्यासाठी राखते, म्हणजे डिस्क भरली तरी निदान प्रशासकाला आत शिरून आवराआवर करता येते. मूळ विभाजनावर ही शहाणपणाची गोष्ट आहे. पण दोन टीबीच्या, फक्त बॅकअप ठेवायच्या विभाजनावर त्याचे शंभर जीबी होतात. अशा ठिकाणी 'ट्यून-टू-एफएस' या आज्ञेने राखीव भाग एक टक्क्यावर आणला तरी चालतो.

दोन आज्ञा, दोन उत्तरे

आता खरी चोरी कुठे होते ते पाहू. होस्टच्या रूट विभाजनापासून सुरुवात करावी, कारण ते भरले की सर्व्हरचा कारभारच अडतो. लिनक्सवर जागा मोजायच्या दोन आज्ञा सगळ्यांच्या बोटांवर असतात. 'डीएफ' फाइल सिस्टिमलाच विचारते की तुझी किती जागा वापरात आहे. 'डीयू' एकेका फोल्डरात शिरते, दिसेल त्या फाइलचा आकार घेते आणि बेरीज करते. दोघींची उत्तरे साधारण जुळली तर काम सोपे आहे: मोठे फोल्डर शोधा आणि आवरा. डीएफ म्हणते 90 जीबी वापरात आणि डीयूची बेरीज 30 वरच थांबते, तेव्हा मधले 60 जीबी कुठे आहेत याची कारणे बहुतेक वेळा दोनच निघतात.

पहिले कारण म्हणजे पुसलेली पण उघडी असलेली फाइल. लिनक्समध्ये फाइल पुसली की तिचे नाव फोल्डरातून जाते. पण एखादा चालू प्रोग्राम ती धरून बसला असेल, तर तो सोडेपर्यंत तिची जागा मोकळी होत नाही. लॉग फाइल चाळीस जीबीची झाली, कुणीतरी ती पुसली, पण तिच्यात लिहिणारी सेवा चालूच आहे. आता ती फाइल कुठल्याच फोल्डरात दिसत नाही आणि वर वाढतेही आहे. 'एलएसओएफ' ही आज्ञा अशा नाव गेलेल्या, पण उघड्या फायलींची यादी देते. ती सेवा पुन्हा सुरू केली की जागा त्या क्षणी परत येते. अशी फाइल आवरायची झाली तर पुसण्याऐवजी तिचा मजकूर शून्यावर आणावा, म्हणजे हा घोळच होत नाही.

दुसरे कारण जास्त फसवे आहे. समजा, बॅकअप ठेवायचा एनएएस (नेटवर्कवरचा साठा) होस्टवरच्या 'बॅकअप' नावाच्या फोल्डरावर माउंट केला आहे. एका रात्री वीज जाते. सर्व्हर यूपीएसवर तगतो, एनएएस बंद पडतो आणि माउंट सुटते. दोन वाजता ठरल्याप्रमाणे बॅकअप सुरू होतो. फोल्डर तर जागेवर आहेच, फक्त आता तो रूट विभाजनावरचा साधा रिकामा फोल्डर आहे. बॅकअप निमूटपणे तिथे लिहिला जातो आणि रूट भरेपर्यंत लिहिला जातो. सकाळी कुणीतरी एनएएस सुरू करते, तो पुन्हा त्याच फोल्डरावर माउंट होतो, आणि रात्री लिहिलेल्या फायली त्याच्याखाली झाकल्या जातात. फोल्डर उघडावा तर एनएएसवरचे जुने बॅकअप दिसतात, सगळे ठीकठाक. डीयूला झाकलेले काही दिसत नाही. डीएफ मात्र रूट शंभर टक्के भरल्याचे सांगत राहते.

यावर उपाय म्हणजे रूट फाइल सिस्टिम दुसऱ्या एखाद्या रिकाम्या फोल्डरावर 'बाइंड माउंट' करायची. तिथून पाहिले की वर काहीही माउंट नसते आणि खाली दडलेल्या फायली उघड्या पडतात. पुन्हा असे होऊ नये म्हणून प्रॉक्समॉक्सच्या स्टोरेजच्या नोंदीत त्या फोल्डरापुढे 'इज-माउंटपॉइंट' हा पर्याय लावावा. मग माउंट नसेल तर ते स्टोरेज वापरायलाच नकार देते.

याच टप्प्यावर आणखी एक तपासणी करून टाकावी. डीएफला 'आय' हा पर्याय दिला की ती बाइटऐवजी आयनोड, म्हणजे फायलींच्या नोंदी, मोजते. ईएक्सटी4 मध्ये किती फायली मावणार हे फाइल सिस्टिम बनवतानाच ठरते. मेल सर्व्हरच्या रांगेतल्या किंवा वेबसाइटच्या सेशनच्या लाखो बारीक फायली साठल्या की आयनोड संपतात. मग जागा निम्मी रिकामी असूनही 'जागा नाही' असाच संदेश येतो.

थिन डिस्क: वाढते, आटत नाही

होस्टचे रूट ठीक आहे, पण व्हीएमचा साठा भरतो आहे, असे असेल तर पुढचा थर. इथे सर्वांत जास्त गैरसमज आहेत.

व्हीएमला 200 जीबीची डिस्क दिली म्हणजे होस्टवर लगेच 200 जीबी अडतात असे नाही. थिन पद्धतीत व्हीएम जेवढे लिहिते तेवढीच जागा साठ्यातून घेतली जाते. हजार पत्रिका वाटून सातशे पाने मांडावीत, तसा हा व्यवहार: सगळे एकदम येणार नाहीत हे गृहीत धरलेले असते. त्यामुळे एक टीबीच्या साठ्यावर कागदोपत्री दोन टीबीच्या डिस्क सुखाने नांदतात. अडचण येते ती पुसताना.

व्हीएमच्या आत फाइल पुसली की तिथली फाइल सिस्टिम फक्त स्वतःच्या नोंदीत 'हे ब्लॉक मोकळे' असे लिहिते. होस्टला ते कळत नाही. त्याच्या दृष्टीने त्या ब्लॉकवर एकदा लिहिले गेले आहे, म्हणजे ते वापरात आहेत. समजा, एका व्हीएममध्ये रोज रात्री डेटाबेसचा दहा जीबीचा डंप निघतो आणि दुसऱ्या दिवशी जुना पुसला जातो. आत पाहावे तर वापर कायम चाळीस-पन्नास जीबीच्या आसपास. पण नवा डंप दर वेळी जुन्याच ब्लॉकवर लिहिला जाईल याची हमी नसते. हळूहळू डिस्कचा बहुतेक भाग एकदा तरी लिहून होतो. सहा महिन्यांनी आतला आकडा 45 आणि होस्टवरचा 185. दोन्ही आकडे खरेच असतात.

ही दरी बुजवण्यासाठी आतून बाहेर निरोप जावा लागतो. त्याला कुठे ट्रिम, कुठे डिसकार्ड, कुठे अनमॅप म्हणतात. लिनक्समध्ये 'एफएसट्रिम' ही आज्ञा तो निरोप पाठवते आणि उबंटूसारख्या वितरणांत ती आठवड्यातून एकदा आपोआप चालते. विंडोजमध्ये 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' तेच काम करते. पण निरोप पाठवला म्हणजे पोचलाच असे नाही. वाटेतल्या प्रत्येक थराने तो पुढे द्यावा लागतो. प्रॉक्समॉक्समध्ये प्रत्येक आभासी डिस्कच्या सेटिंगमध्ये 'डिसकार्ड' नावाची चौकट असते आणि ती मुळात रिकामी असते. ती भरल्यावर व्हीएमच्या आतून रीबूट करून भागत नाही, व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावी लागते. व्हीएममधली डिस्क लक्स पद्धतीने एन्क्रिप्ट केलेली असेल तर वेगळी परवानगी दिल्याशिवाय लक्स हा निरोप अडवून धरते. जुन्या व्हीएममध्ये डिस्क आयडीई म्हणून जोडलेली असेल तर ती व्हर्टआयओ स्कझीवर नेणे बरे.

हे सगळे जुळले की व्हीएमच्या आत एफएसट्रिम चालवावे आणि होस्टवर 'एलव्हीएस' ही आज्ञा देऊन थिन साठ्याची टक्केवारी पाहावी. 91 वरून 48 वर आकडा घसरताना पाहिला की जागा कुठे होती हे वेगळे सांगावे लागत नाही.

एका जुन्या उपायापासून मात्र सावध राहावे. पूर्वी व्हीएमच्या आतली मोकळी जागा शून्यांनी भरायची आणि मग डिस्क आवळून घ्यायची, अशी पद्धत होती. शून्ये लिहिणे हेही लिहिणेच असल्यामुळे अनेक साठ्यांवर त्या काळात थिन डिस्क आपल्या पूर्ण आकारापर्यंत फुगते. आधीच 95 टक्के भरलेल्या साठ्यावर हा प्रयोग म्हणजे हातानेच दिवा विझवणे.

विसरलेले स्नॅपशॉट

थिनचा हिशेब जुळूनही जागा कमी पडत असेल तर संशयाचा पुढचा मानकरी स्नॅपशॉट. अपडेट करण्यापूर्वी 'असू दे एक' म्हणून काढलेला आणि मग विसरलेला.

स्नॅपशॉट म्हणजे डिस्कची प्रत नव्हे. तो काढला की त्या क्षणाची डिस्क गोठवली जाते आणि पुढचे सगळे बदल वेगळीकडे लिहिले जातात. व्हीएमवेअरमध्ये त्यासाठी वेगळी डेल्टा फाइल असते, मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये एव्हीएचडीएक्स फाइल. काढतो त्या क्षणी तो जवळजवळ काहीच जागा घेत नाही, म्हणून फुकटचा वाटतो. पण त्यानंतर बदललेल्या प्रत्येक ब्लॉकची जुनी आणि नवी अशा दोन्ही आवृत्त्या ठेवाव्या लागतात. वर्दळीच्या डेटाबेसची डेल्टा फाइल वाढत वाढत मूळ डिस्कएवढी होऊ शकते. व्हीएमवेअरचा स्वतःचा सल्ला असा की एक स्नॅपशॉट 72 तासांपेक्षा जास्त ठेवू नये. साखळीत 32 पर्यंत चालतात, पण दोन-तीनच असावेत.

स्नॅपशॉट असताना ट्रिमही निष्प्रभ ठरते. आत पुसलेले ब्लॉक स्नॅपशॉटला हवे असतात, म्हणून साठा ते सोडत नाही. वीस जीबी पुसूनही आकडा का हलला नाही, याचे उत्तर बरेचदा इथे सापडते.

काही स्नॅपशॉट माणसाने काढलेलेच नसतात. बॅकअपचे सॉफ्टवेअर काम सुरू करताना स्नॅपशॉट काढते आणि शेवटी मिटवते. मध्येच वीज गेली किंवा नेटवर्क तुटले की तो तसाच राहतो. व्हीएमवेअरमध्ये तर स्नॅपशॉटच्या यादीत काही नसतानाही डेल्टा फायली उरलेल्या असू शकतात. 'डिस्क कन्सॉलिडेशन हवे' अशी सूचना तेव्हाच येते. तिच्याकडे काणाडोळा करू नये.

इथे एक सक्त पथ्य आहे. डेल्टा फाइल मोठी दिसते म्हणून फोल्डरात जाऊन ती हाताने पुसू नये. तिच्यातच स्नॅपशॉटनंतरचा सगळा डेटा आहे आणि ती गेली की साखळी तुटते. स्नॅपशॉट नेहमी त्या सॉफ्टवेअरच्या पडद्यावरूनच मिटवावा. मिटवताना बदल मूळ डिस्कमध्ये मिसळले जातात, त्याला वेळ लागतो आणि कधी कधी थोडी जास्तीची जागाही. म्हणून तो साठा गळ्यापर्यंत भरायच्या आत मिटवलेला बरा. आणि स्नॅपशॉट हा बॅकअप नव्हे, कारण दोघे एकाच डिस्कवर राहतात आणि डिस्क गेली की एकदमच जातात.

बेवारस डिस्क आणि मेमरीच्या फायली

व्हीएम काढून टाकली, पण तिची डिस्क राहिली, असेही होते. प्रॉक्समॉक्समध्ये व्हीएमपासून डिस्क सोडवली की ती पुसली जात नाही, 'अनयूज्ड डिस्क' म्हणून हार्डवेअरच्या यादीत तळाशी बसून राहते. स्थलांतर अर्धवट फसले तरी दोन प्रती उरतात. 'क्यूएम रीस्कॅन' ही आज्ञा साठा तपासून अशा सुट्या डिस्क त्या त्या व्हीएमच्या यादीत आणून दाखवते. त्यातली कुठली पुसायची हे ठरवताना लिंक्ड क्लोनची आठवण ठेवावी. मूळ टेम्पलेटची डिस्क वापरात नसल्यासारखी दिसते, पण तिच्यावर चार व्हीएम उभ्या असू शकतात.

जागा खाणारी आणखी एक गोष्ट म्हणजे मेमरी. व्हीएमवेअरमध्ये व्हीएम चालू झाली की तिला दिलेल्या रॅममधून राखीव भाग वजा जाता उरेल तेवढी स्वॅप फाइल डेटास्टोअरवर तयार होते. 64 जीबी रॅम आणि राखीव काहीच नसेल तर 64 जीबीची फाइल. मेमरीसकट स्नॅपशॉट काढला तर त्यातही रॅमएवढी भर पडते. हायपर-व्हीमध्ये होस्ट बंद होताना व्हीएम 'सेव्ह' करायची असे ठरवलेले असेल तर मेमरीएवढी जागा आधीच अडवली जाते. डिस्कचा हिशेब करताना रॅम कुणाच्या डोक्यात येत नाही, म्हणून हे आकडे बाहेर राहतात.

झेडएफएसची गुंतागुंत

झेडएफएस वापरणाऱ्यांचे कोडे वेगळे असते. एक टीबीचा डेटा लिहिला आणि झेडएफएस दोन टीबी वापरल्याचे दाखवते! यात बिघाड काही नाही, हे गणित आहे.

4 टीबीच्या सहा डिस्क रेडझेड-2 मध्ये बांधल्या असे धरू. दोन डिस्क पॅरिटीच्या, म्हणून 16 टीबी मिळतील अशी अपेक्षा. व्हीएमची डिस्क झेडएफएसवर ठराविक आकाराच्या ब्लॉकमध्ये साठवली जाते. बरीच वर्षे हा आकार मुळात 8 केबी असे. डिस्कचा सेक्टर 4 केबीचा, म्हणजे एका ब्लॉकला डेटाचे दोन सेक्टर लागले. त्यांना पॅरिटीचे दोन. झाले चार. पण रेडझेड-2 जागा देते ती तीनच्या पटीत, म्हणून आणखी दोन सेक्टर भरतीचे. 8 केबी डेटासाठी 24 केबी खर्ची पडले. हाती आले फक्त 8 टीबी. ब्लॉक 16 केबीचा असता तर डेटाचे चार, पॅरिटीचे दोन, एकूण सहा, भरतीची गरज नाही आणि अपेक्षेप्रमाणे 16 टीबी. कॉम्प्रेशनने हे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण मूळ कारण हेच. अलीकडच्या आवृत्त्यांत मूळ आकार 16 केबी झाला आहे. जुन्या व्हीएमच्या डिस्कचा आकार मात्र बदलता येत नाही, ती नवी बनवून डेटा हलवावा लागतो.

झेडएफएसवर थिनचा पर्याय न निवडता डिस्क केली तर तिच्या पूर्ण आकाराचे आरक्षण होते. अशा डिस्कचा स्नॅपशॉट घेतला की आधी लिहिलेला डेटा स्नॅपशॉटच्या नावावर जातो आणि वर पुन्हा पूर्ण डिस्कएवढी जागा राखली जाते. पाचशे जीबीच्या भरलेल्या डिस्कचा एक स्नॅपशॉट घेतला आणि एकदम पाचशे जीबी गेले, असे दिसते. 'झेडएफएस लिस्ट'ला जागेचा तपशील मागितला की स्नॅपशॉट, डेटा आणि आरक्षण असे वेगळे रकाने येतात. तिथे बोट ठेवून पाहिले की कोडे उलगडते.

साठा भरलाच तर

थिन साठा शंभर टक्के भरला की व्हीएमला तसा इशारा मिळत नाही. तिला आपल्या डिस्कवर भरपूर जागा दिसत असते, पण लिहायला गेली की चूक येते. केव्हीएमवर व्हीएम बहुधा जागच्या जागी थबकते. एलव्हीएम-थिन एक मिनिट वाट पाहून लिखाण नाकारते. आतली फाइल सिस्टिम 'फक्त वाचा' अवस्थेत जाते आणि डेटाबेस खराब होण्याचा धोका असतो. एलव्हीएम-थिनचा मेटाडेटा वेगळा असतो आणि तो भरणे डेटा भरण्यापेक्षा वाईट. एलव्हीएसच्या यादीत दोन्हींची टक्केवारी शेजारी-शेजारी येते, ती दोन्हींची वाचावी.

अशा वेळी थबकलेल्या व्हीएम रीसेट करत सुटू नये. आधी लिहिणे थांबवावे: बॅकअपची वेळापत्रके बंद, बिनमहत्त्वाच्या व्हीएम बंद. मग जागा करावी. आयएसओ पुसून इथे काही उपयोग नाही, कारण तो वेगळा थर आहे. बेवारस डिस्क, जुने स्नॅपशॉट, चालू असलेल्या व्हीएममध्ये ट्रिम, या क्रमाने जावे. प्रॉक्समॉक्सने इन्स्टॉलेशनच्या वेळी कुणालाच न दिलेले 16 जीबी इथे कामी येतात. थिन साठा तेवढा वाढवला की श्वास घ्यायला फुरसत मिळते. नंतर नवी डिस्क त्याच गटात जोडून साठा वाढवता येतो. डेटा जपलेला नाही अशी शंका असेल तर काहीही पुसण्यापूर्वी महत्त्वाच्या व्हीएमचा बॅकअप दुसऱ्या यंत्रावर घ्यावा.

खरे तर ही वेळ येऊच नये. साठा 80 टक्क्यांवर गेला की मेल यावा एवढी व्यवस्था कुठल्याही सर्व्हरवर अर्ध्या तासात होते. थिन डिस्क वाटताना एकूण किती वाटले आणि प्रत्यक्षात किती आहे, याची नोंद एका कागदावर असावी. बॅकअप किती ठेवायचे याचा नियम लावून द्यावा, म्हणजे जुने आपोआप जातील. स्नॅपशॉटच्या नावात काढणाऱ्याचे नाव आणि तारीख घालायची सवय लावावी, म्हणजे तीन महिन्यांनी तो कुणाचा, असा प्रश्न पडत नाही. आणि महिन्यातून एकदा तीन आकडे टिपून ठेवावेत: व्हीएमच्या आतला वापर, साठ्यातला वापर, आणि होस्टच्या रूटचा वापर. पुढच्या वेळी जागा गेली की या तिन्हींतला कोणता आकडा वाढला ते पाहा, तपास तिथूनच सुरू करा, आणि तोपर्यंत डिलीटच्या बटणाला हात लावू नका.